नेरूळचं दोन दिवसांचं विमान वर्कशॉप : पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला तेही सांगते

माझी नणंद उलव्याला राहते. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबई एअरपोर्टवरून विमानं सुटायला लागली तेव्हापासून आमचा सातवीतला मुलगा दर रविवारी आत्याकडे जायचं म्हणून मागे लागतो, तिच्या गच्चीवरून विमानं दिसतात ना. आणि गच्चीत उभं राहून प्रश्न एकच, आई हे एवढं जड वर राहतं कसं. मी आपलं शाळेत शिकलेलं सांगितलं, पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो म्हणून ती जोरात पळते आणि खालच्या हवेला पलीकडे गाठते, मग वरचा दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं. तर तो म्हणाला, पण वरच्या हवेने खालच्या हवेला गाठलंच पाहिजे असं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते मला दोन-तीन दिवस टोचत राहिलं. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर आलं की नेरूळला एका हॉलमध्ये शनिवार-रविवार मुलांचं विमान बनवायचं वर्कशॉप आहे, लगेच नाव घातलं. कळव्याच्या बहिणीची मुलगी आठवीत आहे, तिचंही घातलं, ती बाबांबरोबर ठाण्याहून नेरूळ लोकलला बसली आणि आम्ही कोपरखैरणेला त्याच डब्यात चढलो.

फी एका मुलाची 1,800 रुपये, किट त्यातच. पालकांनी बाहेर बसायचं असं मेसेजमध्ये होतं पण सर स्वतःच म्हणाले, ताई बाहेर बसून काय करणार, आत या, पट्टी धरायला माणूस लागतोच. सर म्हणजे विमान मेंटेनन्समधले रिटायर्ड इंजिनिअर, सगळं आयुष्य हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला ठेवतात त्या शेडमध्ये गेलेलं, बोलताना हाताचा पंजा सतत पंखासारखा तिरका होत असतो.

सुरुवातीलाच त्यांनी मुलांना विचारलं विमान का उडतं, आणि दहातल्या आठ मुलांनी मी सांगितलं होतं तेच सांगितलं. सर हो पण म्हणाले नाहीत आणि चूक पण म्हणाले नाहीत. टेबलावर साधा टेबल फॅन ठेवला, समोर किचनमधला डिजिटल वजनकाटा, काट्यावर एका स्टँडला थर्माकोलचा पंख. फॅन बंद असताना काटा 214 ग्रॅम. फॅन लावला, पंखाचं पुढचं टोक थोडं वर केलं, काटा 205. अजून थोडं वर, 198. मुलं ओरडायलाच लागली, कारण समोर दिसत होतं की हवा पंखाला उचलतेय आणि काट्यावरचा भार कमी होतोय. मग सरांनी फुगीर पंख काढून तिथे सपाट शीट लावली, नुसता पुठ्ठ्यासारखा तुकडा, आणि तरीही काटा उतरला, जरा कमी उतरला पण उतरला. आता सपाट शीटला वरचा रस्ता लांब आणि खालचा आखूड असं काही नसतंच ना! मग सर बोलले की वरच्या हवेने खालच्या हवेला गाठायची कुठलीच सक्ती नाही, उलट मोजून बघितलं तर वरची हवा आधीच पुढे निघून गेलेली असते. वर दाब कमी होतो हे खरं, त्याला लावलेलं कारण मात्र चुकीचं. पंख येणारी हवा खाली वळवतो आणि हवा खाली ढकलली गेली की पंख वर ढकलला जातो, न्यूटनचा तिसरा नियम, दाबातला फरक आणि हवेचं हे वळणं एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. माझा मुलगा माझ्याकडे बघून हसला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, त्याची शंका बरोबर होती आणि कोणीतरी तिला धड उत्तर दिलं.

फॅनचा प्रयोग पुढे अजून भारी झाला. भाची म्हणाली मग अजून तिरका करा ना, अजून उचलेल. सरांनी कोनमापक लावून तिलाच करायला दिलं. एका कोनापर्यंत काटा उतरत गेला आणि मग एकदम परत वर चढला. यालाच स्टॉल म्हणतात. वरची हवा पंखाला चिकटून वाहत होती ती सुटते, मागे भोवरे होतात आणि लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारा जोर, एकदम कमी होतो. खऱ्या विमानांमध्ये हे साधारण 15 अंशाच्या आसपास होतं. आणि याचा इंजिन बंद पडण्याशी काही संबंध नाही हे सरांनी तीनदा सांगितलं, कारण आपल्याकडे स्टॉल म्हटलं की गाडी बंद पडली असंच डोक्यात येतं. इंजिन फुल जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो, आणि मग पायलटने नाक खाली करायचं असतं, जे जमिनीजवळ असताना मनाला अजिबात पटत नाही.

दुपारनंतर बनवाबनवी. बॉडीला बाल्साची पट्टी, पंख आणि शेपटीला पातळ फोमची शीट. बाल्सा मी पहिल्यांदा हातात घेतलं, लाकूड आहे यावर विश्वासच बसत नाही, बिस्किटाचा पुडा उचलल्यासारखं. ते मुख्यतः इक्वाडोरहून येतं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो नावाच्या ब्रिटिश विमानात बाल्सा मधे आणि प्लायवूड दोन्ही बाजूंना असं सँडविच करून वापरलं होतं. आताच्या विमानांच्या फरशीत, दारांमध्ये, पंखावरच्या हलणाऱ्या भागांत तीच सँडविचची आयडिया आहे, फक्त मधे बाल्साऐवजी मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते.

पंख दोन तुकड्यांचा, मधे जोड, आणि दोन्ही बाजू किंचित वर उचललेल्या, उथळ व्ही सारख्या. त्यामुळे विमान एका बाजूला कललं की आपोआप सरळ होतं. एका मुलाने सपाटच चिकटवला होता, सर म्हणाले राहू दे तसाच, उद्या मैदानावर बघू. मला ही त्यांची पद्धत फार आवडली, चूक कापून टाकायला लावत नाहीत, उडवून बघायला लावतात.

गोंदाबद्दल मात्र माझी पहिली तक्रार. किटमध्ये झटपट चिकटणारा गोंद होता, तो लाकडाला ठीक, फोमला लावला की फोम विरघळतो. सर सांगत होते पण तोपर्यंत तीन मुलांच्या पंखाला भोकं पडली होती, त्यात माझ्या भाचीचा पंख, तिच्या डोळ्यात पाणीच आलं. एक्स्ट्रा शीट मोजून दोनच. ज्यांनी किट भरले त्यांनी फोमला चालणारा गोंद आधीच द्यायला हवा होता, हे आयत्या वेळी कळण्यासारखं नाहीच मुळी. मग मी आणि अजून एका मुलाच्या आजीने मिळून तिचा पंख टेपने आणि फेविकॉलने धरला, रात्रभर वाळत ठेवला.

रविवारी सकाळी सातला मैदानावर बोलावलं होतं, कारण दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि एवढी हलकी विमानं कुठेही जातात. आम्ही पावणेसातला हजर, हॉलच्या चाव्या असलेला माणूस आला पावणेआठला, सगळी विमानं आत कुलपात. पाऊण तास मुलं नुसती उभी, ऊन चढत होतं, आणि सकाळचा शांत वारा वाया गेला. सरांचा यात दोष नाही, ते आमच्याआधी आले होते. आयोजकांनी एक साधं सॉरी म्हणायला हवं होतं, ते कोणी म्हटलं नाही. एक स्टार कापला तो याचा आणि गोंदाचा मिळून.

पण पुढचे अडीच तास! पहिल्या फेकीत बहुतेक सगळी विमानं एक तर नाक वर करून थबकली आणि धपकन खाली आली, नाहीतर सरळ मातीत घुसली. काल फॅनवर बघितलेला स्टॉल डोळ्यासमोर होत होता. सरांनी प्रत्येकाला थोडी क्ले दिली, नाकाला चिकटवा, आणि पंखाखाली दोन बोटं धरून विमान कुठे तोललं जातं ते बघा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर तोल यायला हवा. मागे गेला तर विमान बेभरवशाचं, नाक कधी वर कधी खाली, जास्त पुढे गेला तर दगडासारखं खाली. चिमूटभर क्ले काढ, चिमूटभर लाव, फेक, परत लाव. आणि तेव्हा मला कळलं की विमानात बसल्यावर कधीकधी काही प्रवाशांना पुढच्या-मागच्या सीटवर का हलवतात, सामान कुठे किती ठेवायचं याचा हिशोब का करतात, तीच ती क्ले.

शेपटीबद्दल एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. मागचा छोटा आडवा पंख विमानाला उचलतो असं वाटतं ना, नेहमीच्या विमानात तो बहुतेक वेळ मागचं टोक खाली दाबत असतो. नाकाकडचं वजन एका बाजूला आणि शेपटीचा दाब दुसऱ्या बाजूला, मधे पंख, तागडीसारखं. आणि तो सपाट पंखवाला मुलगा? त्याचं विमान कलायचं ते कलतच जायचं आणि गोल फिरत खाली यायचं. चौथ्या फेकीनंतर त्याने स्वतःच पंख मधे मोडून व्ही केला. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी बघितलं.

ब्रेकमध्ये पोहे होते, ठीक. पण खरा ब्रेक म्हणजे सरांची पत्र्याची पेटी. त्यात खऱ्या विमानाच्या पत्र्याचा तुकडा, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, आपण 35,000 फुटांवर बसलेले असतो, बाहेर उणे 55 डिग्रीच्या आसपास, आणि मधे एवढंच. मागे आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि पत्रा स्वतःसुद्धा भार उचलतो, आपल्या बिल्डिंगसारखं खांबांवर सगळं आणि भिंती नुसत्या, असं नाही. पंखात लांबीभर जाणारे तुळईसारखे स्पार, त्यांना आडव्या रिब्ज म्हणजे फासळ्या, आणि मधल्या पोकळीत इंधन. इंधन पंखात का, तर जागा आहे म्हणून, पण दुसरंही कारण, उडताना पंख वर वाकतो आणि इंधनाचं वजन त्याला खाली धरतं, म्हणून पंखाच्या बुडाशी ताण कमी येतो.

पेटीत खिडकीच्या आतल्या काचेचा एक तुकडा होता, गोल कोपऱ्याचा. 1954 मध्ये कॉमेट या पहिल्या प्रवासी जेटची दोन विमानं काही महिन्यांच्या अंतराने हवेतच फुटली. केबिनमध्ये प्रत्येक उड्डाणात हवा भरते आणि उतरते, पत्रा ताणतो आणि सैल होतो, आणि खिडक्यांसारख्या चौकोनी कापांच्या कोपऱ्यांशी ताण साठून बारीक तडे वाढत गेले. कारण शोधायला तपास करणाऱ्यांनी अख्खी केबिन पाण्याच्या टाकीत ठेवून आत परत परत दाब दिला. सर हे सांगताना हळू बोलत होते, मुलंही गप्प. मग म्हणाले, आमचं आयुष्य असेच तडे शोधण्यात गेलं, सापडला की रात्री झोप चांगली लागायची.

मुलाने अमोल यादवांचं विचारलं, कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं ते कॅप्टन, 2016 मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. सर त्यावर पंधरा मिनिटं बोलले, आणि बनवण्याइतकंच त्याला उडायची परवानगी मिळवणंही का अवघड असतं ते समजावलं, प्रत्येक सुट्या भागाचा हिशोब द्यावा लागतो म्हणून. परवानगीवरून आठवलं, मोटरवालं रिमोटचं विमान इथे शिकवत नाहीत, एअरपोर्ट जवळ आल्यामुळे कुठे उडवता येतं याचे नियम आहेत आणि सर त्याबाबतीत कडक आहेत. काही पालक नाराज झाले. मला ते बरोबर वाटलं, हातातून सोडलेल्या ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, चूक झाकायला इंजिन नसतं, तोल चुकला की लगेच दिसतं.

शेवटी स्पर्धा झाली. सगळ्यात जास्त वेळ हवेत राहिलं ते 11 सेकंद. सरांनी तेव्हा सांगितलं की 17 डिसेंबर 1903 ला राईट बंधूंचं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं होतं, अंतर 120 फूट, म्हणजे नणंदेच्या गच्चीवरून दिसणाऱ्या ए320 विमानाच्या लांबीपेक्षाही जरा कमी. आणि त्याआधी 1901 मध्ये त्यांनी स्वतः लाकडी खोका करून त्यात हवा सोडून दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले होते, कारण तोपर्यंतच्या तक्त्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. फॅन आणि वजनकाटा म्हणजे तेच की!

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : दहा वर्षांखालचं मूल नेऊ नका, कटर वापरायचाय. गोंद आपला घेऊन जा, फोमला चालणारा, दुकानात तसं विचारून घ्या. रविवारी टोपी आणि दोन बाटल्या पाणी. छापलेल्या नोट्स फक्त इंग्रजीत आहेत, सर मात्र छान मराठीत शिकवतात, मराठी मीडियमच्या मुलांनी बिनधास्त जावं, नोट्स मराठीत पण द्या असं मी फॉर्ममध्ये लिहून आलेय. वीस मुलांना एकच सर म्हणजे जरा जास्तच होतात, लवकर जाऊन पुढची टेबलं धरा.

भाचीचं टेपवालं विमान 7 सेकंद उडलं. ती ते ट्रेनमधून कळव्यापर्यंत डोक्यावर धरून घेऊन गेली, गर्दीत बायकांनी तिला जागा करून दिली. आमच्या मुलाने घरी आल्यावर दुसरा पंख कापलाय, थोडा लांब आणि अरुंद, तो जास्त वेळ तरंगेल असं त्याचं म्हणणं आहे. जोड सरळ राहावा म्हणून पोळपाटाखाली दाबून ठेवलाय, आज पोळ्या ओट्यावर लाटल्या.