दोन बँडचा राउटर: सेटिंग हाताने बसवल्यानंतरचा अनुभव

वायफाय ६चा, दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरपट्ट्यांवर चालणारा) हा राउटर गेले काही महिने घरात अखंड चालू आहे. यंत्र चांगले आहे. मात्र खोक्यातून ते ज्या सेटिंगवर येते, त्यावर ते सोडून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९२.१६८.०.१ हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत शिरणे आणि लेबलवरचे पासवर्ड बदलणे हे काम लगेच उरकते. खरा विषय चॅनेलचा, म्हणजे बँडमधल्या ज्या छोट्या भागावर राउटर बोलतो त्याचा, आणि त्याच्या रुंदीचा आहे. २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी ‘ऑटो’ होती आणि राउटर संधी मिळताच ४० मेगाहर्ट्झ घेत असे. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच धरले जातात. त्यामुळे रुंदी दुप्पट केली की शेजारच्या नेटवर्कांशी टक्कर अटळ ठरते. आसपासची वायफाय नेटवर्क दाखवणाऱ्या मोबाइलवरच्या अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये ११ त्यातल्या त्यात मोकळा दिसला, म्हणून २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल ११ असे पक्के केले. जोडणीचा दाखवला जाणारा वेग घटला, पण रात्रीच्या वेळी व्हिडिओ कॉल अडखळायचा तो थांबला, आणि मला त्याच्याशीच मतलब होता.

५ गिगाहर्ट्झवरचे नेटवर्क मधूनच नाहीसे व्हायचे. ऑटोने निवडलेला चॅनेल १०० होता आणि लॉगमध्ये (राउटरच्या नोंदवहीत) रडार आढळल्याची नोंद होती. ५२ ते १४४ या पट्ट्यातले चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारचा संकेत मिळताच राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो, आणि तशा दुसऱ्या चॅनेलवर जायचे झाल्यास आधी किमान मिनिटभर नुसता कानोसा घ्यावा लागतो. चॅनेल ३६ आणि रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवल्यापासून ही तक्रार उरलेली नाही.

दोन्ही बँडना एकच नाव देण्याची सोय मी बंद केली. फोन लांबच्या खोलीत २.४ वर गेला की परत आल्यावरही तिथेच चिकटून राहायचा, आणि स्मार्ट प्लगला तर ५ गिगाहर्ट्झ मुळात कळतच नाही.

सुरक्षेसाठी ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ ही वायफाय सुरक्षेची नवी पद्धत ठेवली आहे. जुना प्रिंटर ती स्वीकारत नाही, म्हणून २.४ वर एईएस या सांकेतिकरणासह आधीचे डब्ल्यूपीए२ ठेवावे लागले. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय) मात्र बंदच हवे: त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे पिन शोधणाऱ्याला तपासायला जास्तीत जास्त ११,००० शक्यता उरतात. ही उणीव २०११ पासून जगजाहीर असूनही या राउटरवर तो पर्याय सुरूच होता, हे खटकते. नेटवर्कचे नाव लपवण्याच्या पर्यायाने काहीच साधत नाही.

दुसरी तक्रार फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची. अद्ययावत केल्यावर चॅनेल पुन्हा ‘ऑटो’वर गेले होते. सेटिंगचा बॅकअप फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे, पण ती मेन्यूच्या अगदी तळाशी आहे.