८०० बाय १६०० मिलीमीटरच्या फरश्या: एक पावसाळा आणि एक गणपती झाल्यावर

देवगडच्या नव्या घरात मोठ्या व्हिट्रिफाइड फरश्या बसवल्या, त्यावर पावसाळा गेला, गणपती झाले, शिमगाही झाला. माझं मत आधीच सांगते: एवढी मोठी फरशी घेणार असाल तर कागदावर मांडणी काढल्याशिवाय मिस्त्रीला पहिली फरशी टाकू देऊ नका.

आमचा हॉल ५ मीटर बाय ३.८०. मिस्त्रींची सवय दारापासून अख्खी फरशी सुरू करायची. तसं केलं असतं तर लांबीत तीन फरश्या म्हणजे ४.८० मीटर आणि समोरच्या भिंतीला २० सेंटीमीटरची पट्टी. ते म्हणाले, "वयनी, थंय कोण बघूक येतलो?" अहो, गणपतीत अख्खी वाडी आरतीला त्याच भिंतीकडे तोंड करून उभी असते! मग मधे दोन अख्ख्या फरश्या आणि दोन्ही टोकांना जवळजवळ ९०-९० सेंटीमीटरचे तुकडे असं ठरलं. रुंदीत चार फरश्यांनंतर ६० सेंटीमीटर उरत होते, ते दिवाणाच्या बाजूला गेले.

याचा दुसरा फायदा भिंतींमुळे झाला. चिऱ्याची भिंत, वर जाड गिलावा. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला तर एका टोकाला दीड सेंटीमीटरचा फरक. २० सेंटीमीटरच्या पट्टीत तो तिरकेपणा लगेच डोळ्यांत भरतो. ९० च्या तुकड्यात मीही अजून शोधू शकलेले नाही. हॉलमधल्या सांध्याची रेष पॅसेजमधून स्वयंपाकघरापर्यंत सरळ नेली आहे. त्यासाठी दोरी सगळ्या दारांतून एकदमच धरावी लागते, खोलीखोलीने धरून जमत नाही.

विटेसारखी अर्धी-अर्धी सरकवून मांडणी करायचा आग्रह घरात होता. मी नको म्हटलं. लांब फरशी मधे किंचित फुगीर असते. अर्ध्यावर सांधा आला की एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशी येतो आणि कडा पायाला लागते. सरकवायचीच तर एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. आम्ही सरळ सांधे ठेवले, फट सारखी राहावी म्हणून ३ मिलीमीटरचे स्पेसर आणि कडा एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंग क्लिपा लावून. ॲडेसिव्ह दातेरी थापीने जमिनीवर आणि पातळ थर फरशीच्या पाठीवरही. आजतागायत एकही फरशी बद्द, म्हणजे पोकळ, वाजत नाही.

चढवणं मात्र कठीण. एक फरशी पंचवीस किलोच्या पुढे, आणि आमच्या घरापर्यंत गाडी येत नाही, पायऱ्यांची पाखाडीच आहे. पुरवठादाराने "घरपोच" म्हणून पैसे घेतले आणि माल रस्त्याच्या कडेला उतरवून गेला. गडी वेगळे लावावे लागले.

आता तक्रार. मे अखेरीस आणि पावसाच्या सुरुवातीला चकचकीत फरशीला घाम सुटतो. खालून ओल येते असं सगळे म्हणतात, पण पुसून पंखा लावला की जातो. दमट हवा थंड फरशीला लागून पाणी धरतं. शेणाने सारवलेली जमीन ते पिऊन टाकायची, ही अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. सासूबाईंना आम्ही त्या दिवसांत पायपोसांवरूनच चालायला लावतो. घरात वयस्कर माणसं असतील तर मॅट, म्हणजे बिनचकाकीची फरशी घ्या, दिसायला थोडी फिकी असली तरी.

पडवीत मात्र पहिल्यापासून ६०० बाय ६०० ची खरबरीत मॅट, उतार अंगणाकडे. न्हाणीघरात तर मोठी फरशी चालतच नाही: चारी बाजूंनी जाळीकडे उतार द्यायचा तर ३०० बाय ३०० चीच हवी, मोठीला तिरके काप मारत बसावे लागतात.

सांध्यांत भरायचं एपॉक्सी ग्राउट महाग पडलं, पण तांबड्या मातीच्या पायांनी वर्षभर तुडवूनही करडा रंग तसाच आहे. शेजाऱ्यांकडे पांढरं सिमेंटचं भरलंय, ते आता विटकरी झालंय.

एक खोकं जास्त आणून माळ्यावर उभं ठेवलंय, बॅच नंबरचं लेबल बाहेर दिसेल असं. नंतर त्याच नावाची फरशी मिळते, छटा तीच मिळेल याची खात्री नसते.