स्मार्ट वजनकाटा: स्नायूंसाठी घ्या, हाडांचा आकडा सोडून द्या

अनवाणी उभं राहिलं की हे काटे वजनासोबत चरबी, स्नायू आणि 'बोन मास'ही दाखवतात. प्रत्यक्षात तळव्यांतून सौम्य वीज सोडून तिला होणारा विरोध तेवढा मोजला जातो. पुढचं काम उंची, वय, लिंग घातलेल्या सूत्राचं. म्हणजे पडद्यावरचे '२.६ किलो हाडं' मोजलेले नसतात, अंदाजलेले असतात. वजन उतरलं की हा आकडाही उतरतो आणि लोक उगाच धास्तावतात.

स्नायू-चरबीचा कल पाहायला काटा बरा. सकाळी, लघवीनंतर, उपाशीपोटी, टणक फरशीवर ठेवून उभं राहा. व्यायाम किंवा जेवणानंतर शरीरातलं पाणी बदलतं, आकडे भरकटतात. पेसमेकर असेल तर वापरूच नका.

पाहायचं ते स्नायूंकडे. त्यांच्या ओढीने हाडांवर ताण येतो, त्याने हाड टिकायला मदत होते. जास्त वजनाचा भारही हाडांना मिळतो खरा, पण पोटातल्या चरबीच्या भरवशावर राहू नये. नुसतं खाणं तोडून वजन घटवलं तर स्नायू आणि हाडंही झिजतात. सोबत वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच.

हाडांच्या घनतेसाठी मात्र डेक्साच, म्हणजे सौम्य क्ष-किरणांची तपासणी. कंबरेचे मणके आणि खुबा तपासतात. पन्नाशीनंतर टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त, तो आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. तपासणीआधी २४ तास कॅल्शियमची गोळी घेऊ नका. मणक्यांची झीज असल्यास तिथला आकडा फसवा चांगला येतो, तेव्हा खुब्याचा धरावा. पुन्हा करायची तर त्याच मशीनवर.