द्यायला काहीच नसलेला निरोप्या : सिग्नल अॅप, काही वर्षांच्या वापरानंतर

२०१६ च्या पूर्वार्धात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या पूर्व विभागातील एका ग्रँड ज्युरीने (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नल हे निरोपांचे अॅप चालवणाऱ्या संस्थेकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागितली. नाव, पत्ता, कोणाकोणाशी संपर्क, जोडणीच्या नोंदी असे जे जे मागता येण्यासारखे होते, ते सगळे त्या हुकमात होते. दोनपैकी एकाच क्रमांकावर सिग्नलचे खाते निघाले आणि त्या खात्याबद्दल संस्थेला दोनच गोष्टी सांगता आल्या: खाते कधी उघडले गेले आणि ते सर्व्हरला शेवटचे कोणत्या दिवशी जोडले गेले. या मागणीबद्दल बोलायलाही संस्थेला मनाई होती. ती मनाई कायदेशीर मार्गाने उठवून घेतल्यावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कागदपत्रे लोकांसमोर आली. मी हे अॅप वापरायला घेतले ते ही हकिगत वाचून, आणि आज त्याचे परीक्षण लिहितानाही माझ्यासमोर हाच एक प्रश्न आहे: उद्या कोणी अधिकाराने हात पुढे केला, तर या अॅपच्या चालकांकडे त्या हातावर ठेवायला काय असेल?

हा प्रश्न संशयी स्वभावातून आलेला नाही. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या समितीत विचारले गेले होते की, कोट्यवधी नागरिकांची कोणत्याही प्रकारची माहिती गोळा केली जाते काय. त्यांनी नकारार्थी उत्तर दिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, त्याच यंत्रणांसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर काढलेल्या कागदांतून दिसले की, एका मोठ्या दूरध्वनी कंपनीला तिच्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज सरकारला देण्याचा एका गुप्त न्यायालयाचा आदेश होता. पुढे मे २०१५ मध्ये तिथल्याच अपील न्यायालयाने, ज्या कायद्याच्या आधारावर ही गोळाबेरीज चालली होती त्या कायद्यात तिला मुभाच नव्हती, असा निकाल दिला. म्हणजे आश्वासन होते, देखरेख करणारी समिती होती, गुप्त न्यायालयाचा शिक्का होता, आणि तरीही लोकांना कळले ते एका माणसाने स्वतःचे आयुष्य पणाला लावले तेव्हा. ज्यांनी हे पाहिले, त्यांनी यापुढे 'आम्ही बघत नाही' या शब्दावर विसंबावे अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

वापराच्या दृष्टीने सिग्नलबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, आणि ही त्याची जमेची बाजू आहे. निरोप, छायाचित्रे, आवाजी निरोप, दोघांतले किंवा समूहातले व्हिडिओ कॉल हे सगळे इतर कोणत्याही निरोपाच्या अॅपसारखेच चालते. जाहिराती नाहीत. फोनवर आणि संगणकावर ते सारखेच सुटसुटीत आहे. ठरावीक वेळाने निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय मी जवळजवळ प्रत्येक संभाषणात चालू ठेवली आहे आणि तिची इतकी सवय झाली आहे की, तशी सोय नसलेल्या जागी लिहिताना हात आखडतो.

खरी तपासणी कुलपाची आणि कुलपाभोवतीच्या नोंदवहीची करावी लागते. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधला सर्व्हर फक्त बंद पेटी पोहोचवतो. हे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आता सिग्नलपुरते राहिलेले नाही. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये सिग्नलचीच पद्धत आपल्या सर्व निरोपांना आणि कॉलना लावली, त्यामुळे 'व्हॉट्सअॅपचे निरोप कोणीही वाचतो' असे म्हणणारे चुकीचे बोलतात. फरक आहे तो नोंदवहीत. कोण, कोणाशी, किती वाजता, किती वेळा, कोणत्या समूहात, म्हणजे ज्याला मेटाडेटा म्हणतात तो, पाळत ठेवणाऱ्याला बोलण्याइतकाच उपयोगी असतो. एखाद्याने रात्री दोन वाजता वकिलाला, मग भावाला, मग एका पत्रकाराला फोन केला, एवढे कळल्यावर शब्द ऐकण्याची फारशी गरज उरत नाही. शिवाय बोलणे ऐकायला माणूस लागतो, नोंदी मात्र यंत्र चाळते, आणि लोकसंख्येच्या लोकसंख्येवर पाळत ठेवणे परवडते ते यामुळेच. व्हॉट्सअॅपच्या गोपनीयता धोरणात वापराची आणि उपकरणाची माहिती गोळा केली जाते असे स्पष्ट लिहिलेले आहे. सिग्नलने नेमकी ही वही कोरी ठेवण्यावर मेहनत घेतली आहे. २०१८ पासून लिफाफ्यावरचे पाठवणाऱ्याचे नावही झाकण्याची सोय त्यात आहे. समूहाचे नाव, त्याचे सदस्य, आपले प्रोफाइल आणि छायाचित्र सर्व्हरवर कुलूपबंद असते. आणि फोनला जाग आणण्यासाठी गूगल किंवा अॅपलमार्फत जी सूचना येते, तिच्यात मजकूर नसतो. अॅपचा आणि सर्व्हरचा कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे. मी स्वतः तो तपासू शकत नाही, पण ज्यांना ते जमते असे लोक तो तपासतात.

सरकारच्या हाती एखादी चावी असावी, ती न्यायालयाच्या परवानगीनेच वापरली जावी, मग एवढा अविश्वास कशाला, असा युक्तिवाद प्रामाणिक माणसेही करतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. ग्रीसमध्ये २००४-०५ या काळात पंतप्रधानांसह शंभराहून अधिक व्यक्तींचे मोबाइल ऐकले जात होते. ऐकण्याची सोय त्यांना नव्याने बांधावी लागली नव्हती. कायदेशीर टॅपिंगसाठी टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये जी सोय असते, तीच त्यांनी गुपचूप चालू केली होती. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने दूरसंचार कंपन्यांना अशी सोय ठेवणे बंधनकारक केले, आणि २०२४ मध्ये उघड झाले की, 'सॉल्ट टायफून' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चीनशी जोडल्या गेलेल्या हॅकरांनी तिथल्या कंपन्यांमध्ये शिरून कायदेशीर टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत मजल मारली. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारच्याच सायबर सुरक्षा संस्थेने, ज्यांच्यावर पाळतीचा धोका अधिक आहे अशा मोठ्या पदांवरील व्यक्तींना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली अॅप वापरण्याचा सल्ला दिला आणि त्यात उदाहरण म्हणून सिग्नलचेच नाव घेतले. पोलिसांसाठी ठेवलेल्या दाराला 'फक्त पोलिसांसाठी' अशी पाटी लावता येते. ती पाटी वाचून चोर परत जात नाही.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली म्हणजे खाते उघडायला फोन क्रमांक लागतो. फोन क्रमांक बहुतेक देशांत ओळखपत्राशी जोडलेला असतो, त्यामुळे ज्याला स्वतःची ओळखच लपवायची आहे त्याच्यासाठी हे अॅप अपुरे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वापरकर्तानावाची सोय आली आणि आपला क्रमांक समोरच्यापासून लपवता येऊ लागला. नोंदणीसाठी मात्र तो अजूनही द्यावाच लागतो. या दुव्याचा धोका काल्पनिक नाही: ऑगस्ट २०२२ मध्ये, सिग्नलसाठी पडताळणीचे एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ या कंपनीत हॅकर शिरले तेव्हा सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे क्रमांक उघडे पडले. कोणाचेही जुने निरोप त्यांच्या हाती लागले नाहीत, कारण ते तिथे नव्हतेच. पण क्रमांक होते.

दुसरी उणीव अधिक खोलातली आहे. निरोप सर्व्हरवरून जातो, तेव्हा आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) त्या सर्व्हरला दिसतोच. तो साठवला जात नाही असे संस्था सांगते आणि २०१६ चे प्रकरण तिच्या बाजूने साक्ष देते, तरीही ज्या अॅपची थोरवी 'शब्दावर विसंबू नका' यात आहे, त्याच्या बाबतीत या एका जागी आपण शब्दावरच विसंबतो. शिवाय सगळा कारभार एकाच संस्थेच्या सर्व्हरवरून चालतो आणि ते सर्व्हर मोठ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले आहेत. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अॅमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली, तेव्हा सिग्नलही बंद पडले. इतक्या लोकांचे तत्काळ निरोप आणि कॉल सांभाळू शकेल अशी जगभर पसरलेली व्यवस्था मोजक्याच कंपन्यांकडे आहे, हे संस्थेचे म्हणणे मला पटते. पण पटल्याने काळजी जात नाही.

सिग्नल ज्यापासून वाचवत नाही, त्याबद्दलही स्पष्ट असावे. फोनच कोणाच्या ताब्यात गेला असेल, तर कुलपाचा उपयोग संपतो. २०२१ मध्ये जगभरातील वृत्तसंस्थांनी मिळून पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल जे प्रसिद्ध केले, त्यातून दिसले की, मालकाने एकही लिंक न दाबता फोनमध्ये शिरता येते, आणि मग पडद्यावर जे माणसाला दिसते ते हेरालाही दिसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या सुरक्षा तज्ज्ञांनी आणखी साधी युक्ती उघड केली: रशियाशी संबंधित गट फसवा क्यूआर कोड स्कॅन करायला लावून समोरच्याचे खाते आपल्या संगणकाशी जोडून घेत होते. म्हणून सेटिंगमधील जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून उघडून पाहावी. एवढे असूनही मी सिग्नलला कमी लेखत नाही, कारण एका माणसाच्या फोनमध्ये शिरायला पैसा, वेळ आणि कोणाचा तरी निर्णय लागतो. सगळ्यांवर एकदम पाळत ठेवणे स्वस्त असते म्हणूनच ते घडते; सिग्नल ते महाग करून ठेवते.

एका प्रकरणाने मात्र मला बराच काळ अस्वस्थ केले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे सर्वोच्च सुरक्षा अधिकारी येमेनवरील हल्ल्याची चर्चा सिग्नलवरील समूहात करत होते आणि त्या समूहात चुकून एक पत्रकार जोडला गेला. अनेकांनी याचा दोष अॅपला दिला, तो चुकीचा आहे. कुलूप शाबूत होते, आत चुकीच्या माणसाला बोलावले गेले होते. माझी अस्वस्थता वेगळ्या कारणाने आहे. त्या समूहातील काही निरोप आपोआप पुसले जातील अशी सोय लावलेली होती, आणि सरकारी निर्णयांच्या नोंदी जपणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. जे साधन नागरिकाला सत्तेपासून आडोसा देते, तेच सत्तेला नागरिकापासून आडोसा देऊ शकते. मला या दोन गोष्टी सारख्या वाटत नाहीत. सत्ता ज्याच्यावर चालते, त्याला खाजगीपणाचा हक्क आहे. जो सत्ता चालवतो, त्याने पदावरून केलेल्या कामाचा हिशेब मागे राहायलाच हवा. हा भेद अॅप करू शकत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये. ते काम कायद्याचे आणि ते कायदे राबवून घेणाऱ्या लोकांचे आहे, आणि सिग्नल फोनवर आहे म्हणून ते आपल्या अंगावरून उतरत नाही.

सिग्नल विना-नफा संस्थेकडून चालते, ही बाब मला कोडइतकीच महत्त्वाची वाटते. २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपचे सहसंस्थापक ब्रायन अॅक्टन यांनी दिलेल्या ५ कोटी डॉलरच्या बळावर ही संस्था उभी राहिली, आणि २०२३ मध्ये तिने स्वतःच सांगितले की, २०२५ पर्यंत वर्षाचा खर्च सुमारे ५ कोटी डॉलरपर्यंत जाईल. माहिती विकायची नसेल, तर पैसा वापरणाऱ्यांकडूनच यायला हवा. मी दरमहा छोटी देणगी देतो आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी द्यावी असे मनापासून वाटते.

माझ्या थोरल्या बहिणीला मी सिग्नल घ्यायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मला लपवण्यासारखं काय आहे?" मी तिला म्हटले, "ताई, तुझ्यासाठी नको घेऊस. माझं जे बोलणं तुझ्या फोनात आहे, त्याच्यासाठी घे." एखाद्या ठिकाणी फक्त पत्रकार, वकील आणि कार्यकर्तेच हे अॅप वापरत असतील, तर ते फोनवर असणे हाच संशयाला पुरेसा आधार होतो. ज्यांना काहीच लपवायचे नाही, अशांच्या गर्दीतच ज्याला खरोखर आडोशाची गरज आहे त्याला तो मिळतो. ताईने घेतले, पण तिच्या मैत्रिणींपैकी कोणीच आले नाही, त्यामुळे तिच्यासाठी सिग्नल हे केवळ माझ्याशी बोलण्याचे अॅप उरले आहे. ही सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण आहे आणि त्यावर कोणत्याही नव्या सुविधेचा उपाय नाही.

घेणार असाल तर तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. पिन ठरवून रजिस्ट्रेशन लॉक चालू करा, म्हणजे तुमचे सिम कोणी मिळवले तरी खाते सहज मिळणार नाही. बंद पडद्यावर निरोपाचा मजकूर दिसणार नाही असे सेटिंग करा. आणि जवळच्या माणसांशी प्रत्यक्ष भेट झाली की, सेफ्टी नंबर (प्रत्येक संभाषणासाठी अॅप दाखवते तो क्रमांक) एकमेकांच्या फोनवर ताडून पाहा. मिनिटभराचे काम आहे आणि मधे कोणी बसलेले नाही याची खात्री करून घेण्याचा तो भरवशाचा मार्ग आहे. २०२५ पासून संभाषणांचा सुरक्षित बॅकअप ठेवण्याची ऐच्छिक सोयही आली आहे. तिच्यासाठी ६४ अक्षरांची एक चावी मिळते. ती हरवली, तर सिग्नलकडेही दुसरी नाही. मी ती कागदावर लिहिली, दोनदा ताडून पाहिली आणि कपाटात महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवून दिली.