मेमरी फोमचा टॉपर दबला: पुन्हा फोम, लेटेक्स की रुईची पातळ गादी?

नवं काही घेण्याआधी दोष टॉपरचा, म्हणजे गादीवर अंथरायच्या पातळ थराचा, आहे की खालच्या गादीचा, ते पक्कं करा. टॉपर बाजूला काढा आणि उघड्या गादीवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुतळी ताणून धरा. मधोमध सुतळीखाली इंचभराहून जास्त फट दिसली तर गादीच बसलेली आहे. तिच्यावर काहीही टाकलं तरी ते त्याच खड्ड्यात उतरणार. गादी सपाट असेल तर टॉपर सपाट फरशीवर दिवसभर मोकळा पसरून ठेवा. संध्याकाळपर्यंत कमरेखालचा खळगा भरून आला नाही, किंवा काठाचा फोम चिमटीत दाबल्यावर पिवळा चुरा हाताला लागला, तर त्याचं आयुष्य संपलं.

निवारीच्या बाजेवर टॉपर अंथरत असाल, तर तो लवकर दबण्याचं कारण तेच आहे. निवार झोळ घेते, फोम तिच्यासोबत वाकतो आणि मधल्या भागातच झिजतो. फोम असो वा लेटेक्स (रबराचा फोम), खाली प्लायवुडचा दिवाण किंवा कमी अंतरावर पट्ट्या ठोकलेला पलंग हवा. बाज सोडायची नसेल तर पुढचं वाचण्याआधीच निर्णय झाला: रुईची गादी.

मेमरी फोम उष्णतेनं मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो, हा त्याचा स्वभावच आहे. अकोल्या-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि टिनाखालची खोली रात्रीही तापलेलीच असते. अशा वेळी अंग फोममध्ये रुततं, अंगाभोवतीची हवा कोंडते आणि पाठ घामानं भिजते. त्यात लाइन गेली की पंखाही नाही. डिसेंबरात तोच टॉपर झोपताना फळीसारखा लागतो आणि अंगाच्या उबेनं सावकाश नरम होतो. जेलचा थर सुरुवातीला गार वाटतो, पण रात्रभर पुरत नाही.

तरीही फोमची एक बाजू खरी आहे. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला आणि नितंबाच्या हाडाला तो जसा मऊ आधार देतो, तसा रुईची गादी देत नाही. त्या दुखण्यासाठीच घेत असाल तर घ्या, पण वजन करून घ्या. 6 बाय 5 फुटांचा, 2 इंच जाडीचा टॉपर 50 घनतेचा असेल, म्हणजे घनमीटरला 50 किलो, तर खोळ सोडून साधारण 7 किलो भरतो. काट्यावर 4 किलोच भरला तर घनता 30 च्या आसपास आहे. असा फोम लवकर दबतो. गुंडाळून आलेला टॉपर लगेच उघडा, हवेशीर खोलीत एक-दोन दिवस पसरून ठेवा, मगच अंथरा. थंडीत फुगायला जास्त वेळ लागतो, म्हणून घाईनं परत पाठवू नका.

लेटेक्स दाब सुटताच वर येतो, त्यामुळे कूस बदलायला जोर लागत नाही. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे फार सोयीचं. आरपार छिद्रांमुळे हवा खेळते आणि हवामान बदललं तरी कडकपणा फारसा बदलत नाही. मात्र तिघांत सर्वांत महाग हेच, आणि जडही: याच मापाचा टॉपर 10 किलो किंवा त्याहून जास्त भरतो. ‘लेटेक्स फील’ लिहिलेला माल लेटेक्स नसतो.

ऊन मात्र फोमलाही चालत नाही आणि लेटेक्सलाही. उन्हानं दोन्ही पिवळे पडून तडकतात. सावलीत, वाऱ्यावर उभे करून वाळवा. पाण्यात कधीच बुडवू नका. रेक्झिनचं आवरण घालू नका, त्यानं घाम अडकतो. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा खोलीत कोंडून टॉपरखाली बुरशी धरते.

आता रुईची गादी. बहुतेक घरांसाठी आमचा कौल हिलाच आहे. 6 बाय 5 च्या पातळ गादीला 7 ते 8 किलो रुई लागते. कापूस घरचा असेल तर हिशेब सोपा: सरकीसकट क्विंटलभर कापसातून 33 ते 35 किलो रुई निघते, म्हणजे 24 किलोच्या आसपास कापूस पुरतो. विकतची रुई घेताना चिमूटभर दोन्ही हातांनी ओढून पाहा. लांब तंतू निघाले तर माल चांगला. पटकन तुटून भुगा पडला तर तो गिरणीचा वेस्ट आहे, त्याच्या लवकर गाठी होतात. खोळ जाड गादीपाटाची घ्या आणि टाके वीतभर अंतरावर मारायला सांगा. टाके विरळ असले की रुई सरकून काठाला गोळा होते आणि मध्ये नुसतं कापड उरतं.

ही गादीही दबते, पण तिला ऊन चालतं. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा अंगणात टाका, उलटून झोडपा. ढेकूण मात्र नुसत्या उन्हानं जातीलच असं नाही. दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या आणि किलोभर नवी रुई घाला. पावसाळ्यात मात्र ती ओल धरते, म्हणून ओल्या फरशीवर टाकू नका.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी यांपैकी काहीही पुरेसं नाही. त्याला हवेची गादी लागते आणि दर दोन तासांनी कूस बदलावी लागते.

जुना टॉपर वावराच्या धुऱ्यावर जाळू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असतो. काठाचा न दबलेला भाग लांब पात्याच्या सुरीनं कापून खुर्चीच्या किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर वापरा. फक्त चुलीजवळ ठेवू नका. हा फोम ठिणगीनंही भडकू शकतो.