टॉवर की बुकशेल्फ स्पीकर? दादरच्या खोलीतला निकाल

आमची खोली 10 बाय 12 फुटांची, त्यात पलंग आणि लोखंडी कपाट. मित्राचे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, आठवडाभर आणून ठेवले होते. तानपुरा खोली भरून टाकतो, हे कबूल. पण डग्गा घुमला की कपाटाचं दार थरथरायचं. 12 फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा खोल, खर्जातला आवाज अडकून फुगतो. टॉवर तिथपर्यंत सहज उतरतात, त्यात मागचं पोर्ट, म्हणजे खर्ज वाढवणारं भोक, भिंतीला खेटलेलं. दोन-तीन फूट पुढे ओढायचे, तर झोपायचं कुठे?

माझे बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, साडेपाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खर्ज वाजवणारा पडदा); ते 60 हर्ट्झच्या खाली दम सोडतात. इथे ते पथ्यावरच पडतं. डग्ग्याची मींड स्वच्छ ऐकू येते आणि शेजारच्या काकू भिंत ठोकत नाहीत. मात्र स्टँड जड हवेत. आधी टीपॉयवर ठेवले होते, तेव्हा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. स्टँडवर ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला आला आणि गायिका दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन बसली.

जागा वाचते म्हणून बुकशेल्फ घेऊ नका. स्टँडही टॉवरइतकीच फरशी अडवतो. हॉल मोठा असता, तर मीही टॉवरच घेतले असते.