टी ट्री तेल आणि मुरुमं: काही महिन्यांच्या वापरानंतर

लहान लाल मुरुमं आणि पू धरलेल्या पुटकुळ्या यांवर टी ट्री तेल (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) उपयोगी पडतं, पण सावकाश. पहिला महिना जवळजवळ कोराच जातो. नवीन पुटकुळ्या कमी झाल्यात का, ते आठ ते बारा आठवड्यांनी कळतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या, १२४ रुग्णांवरच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवर लावायचं नेहमीचं औषध) दोन्हींनी मुरुमं कमी झाली; टी ट्रीचा गुण उशिरा आला, त्रास मात्र कमी झाला. घाई असेल तर हे तेल तुमच्यासाठी नाही.

सगळा खेळ प्रमाणाचा. शुद्ध तेल थेट लावलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, पापुद्रे निघतात आणि मग काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. आपल्या सावळ्या कातडीवर तर जास्तच. १० मिली बिनवासाच्या लोशनमध्ये अर्धा मिली तेल, म्हणजे साधारण ५ टक्के. थेंब मोजू नका, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. औषधाच्या दुकानातली १ मिलीची सिरिंज सुईशिवाय वापरा. कोरफडीच्या ताज्या गरात तेल घालायचा सल्ला सर्रास मिळतो, पण गर पाणीदार असल्याने तेल त्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि एखाद्या जागी शुद्ध तेलाचाच थेंब लागतो. कोरफड हवीच असेल तर वेगळी लावा: पान कापून अर्धा तास उभं ठेवा, पिवळा चीक गळू द्या (खाज सुटते ती त्याने), मग गर काढा. खोबरेल तेलात मिसळणं मुरुमांच्या त्वचेला नको, त्याने रोमछिद्रं बुजतात.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून बघा. मग रात्री, चेहरा धुऊन पूर्ण सुकल्यावर, आठवडाभर एक दिवसाआड. सोसलं तर रोज. डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडा.

बाटली १० मिलीची, गडद काचेची घ्या. हवा आणि उजेड लागून तेल जुनं होतं आणि जुन्या तेलाची ॲलर्जी जास्त येते. कित्येक महिने नीट सोसलेलं तेल अचानक खाजायला लागलं तर बाटली जुनी झाली असेल, किंवा तुम्हालाच आता ॲलर्जी झाली असेल. दोन्हींत वापर थांबवा. पोटात गेलं तर हे तेल विषारी आहे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

जायफळ सहाणेवर पाण्यात उगाळून एखाद्या पुटकुळीवर दहा मिनिटं लावलं तर ती सुकते असं घरोघरी सांगतात, एवढंच. रात्रभर ठेवलं तर चट्टा उठू शकतो. लिंबू नकोच: आम्ल तर आहेच, शिवाय उन्हात गेल्यावर त्याने डाग पडतात.

काळ्या-पांढऱ्या बारीक पुळ्यांसाठी ॲडापलीन (रोमछिद्रं मोकळी ठेवणारं, त्वचेवर लावायचं औषध) सरस. खोल, दुखणाऱ्या गाठी असतील, किंवा हनुवटीवरच्या मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खोल गाठींचे खड्डे राहतात.